खळ्यातले फेरे

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढत होती. भावाच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सगळे जुन्या जालन्यात गेलो होतो. लग्न वैशाखात होतं आणि बस्ता माघात. वैशाखात दुकानदार गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नाही, असं दादांचं म्हणणं. दादा म्हणजे माझे वडील. दुकानात गादीवर बसून त्यांनी पहिल्या तासात फक्त टॉवेल पाहिले. उरलेल्या साड्यांना किती वेळ लागणार याचा हिशेब मनात मांडून मी गल्लीत सटकले. तिथे धान्याच्या दुकानाला चिकटून रफिकभाईंचं दुकान होतं. मिक्सर, टीव्हीचे रिमोट, पंखे, जे काही बंद पडेल ते दुरुस्त करणारं. रफिकभाई बाहेर स्टुलावर बसले होते, त्यांच्या हातात पिस्तुलासारखा एक रिमोट होता आणि शेजाऱ्याच्या पोत्यांवरून एक लाल गाडी गुरगुरत वर जात होती. माथ्यावर पोचली, पलटी झाली आणि चाकं वर करून गरगरत राहिली. मला इतकं हसू आलं की रफिकभाईंनी रिमोट माझ्याच हातात दिला. "ले, चलाव. घोडा दाबला का पळती, चक्री फिरवली का वळती. बस्स, इतकंच हाय."

इतकंच नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण त्या दिवशी गाडी माझ्या बोटावर गल्लीभर पळाली, एका म्हाताऱ्याच्या धोतराला घासून गेली, आणि मी बिघडले ती बिघडलेच. बस्त्यात माझ्या ड्रेससाठी दादांनी काढून दिलेले पैसे मी रफिकभाईंच्या हातावर ठेवले. भावाच्या लग्नात मी मावसबहिणीचा ड्रेस घालून मिरवले, त्याचे फोटो अजून घरात आहेत, आणि त्या ड्रेसच्या बाह्या माझ्या कोपरापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. रफिकभाईंनी गाडीबरोबर एक बातमीही फुकट दिली. मातीवर अंड्याच्या आकाराचा गोल आखून त्यात अशा गाड्यांची शर्यत लावतात. "परतूरला पन चैतात करून राह्यलेत. कापसाच्या मार्केटच्या मैदानात. नाव दे तू बिलकुल."

आमचं गाव वडीगोद्रीपासून आत. आजोबांच्या काळापर्यंत आमची मेंढरं होती. दादांनी मेंढरं विकून शेती धरली आणि पुढे ट्रॅक्टर घेतला, तेव्हापासून त्यांचा चालणाऱ्या प्राण्यांवरचा विश्वास उडाला. घरात मेंढरांची आठवण म्हणून उरल्या होत्या त्या चार काळ्या घोंगड्या. आणि घराच्या मागच्या अंगाला होतं खळं. मधोमध तिवडा, म्हणजे पूर्वी ज्याला बांधून बैलांची पात फिरायची तो लाकडी खांब. आता तो कमरेएवढाच उरला होता. मळणीयंत्र आल्यापासून तिथे बैल फिरले नव्हते. तरी माय दर पंधरवड्याला खळं सारवायची. तिथे तिच्या डाळी वाळायच्या, कुरडया वाळायच्या, मिरच्या वाळायच्या. संध्याकाळी ती एकटीच तिवड्याला टेकून बसायची आणि कोणी हाक मारली तरी पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. घर दादांचं होतं, शेत दादांचं, ट्रॅक्टर तर विचारूच नका. मायचं असं ते एकच होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त सपाट जागा दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी खळ्यात सोडली. चार फेऱ्यांत तिने सारवणाचे पोपडे उडवले, धुळीचा लोट मायच्या कुरडयांवर बसला आणि कुत्रं वाड्याकडे जे पळालं ते भाकरीच्या वेळेलाच परत आलं. माय हातात खराटा घेऊन आली. मला वाटलं, गाडी गेली आता उकिरड्यावर. माय वाकली, उखडलेल्या मातीवर हात फिरवला आणि म्हणाली, "चाक घसरून राह्यलं तुझं. माती भुसभुशीत हाय. हिला चोपायला पायजेल."

इथून पुढे जे झालं त्याला मी प्रशिक्षण म्हणते, माय त्याला काम म्हणायची. गावठाणातून पांढरी माती आणायची, त्यात गव्हाचा भुसा मिसळायचा, रात्रभर भिजत ठेवायची, पसरायची, आणि धुमशाने धपाधप चोपायची. धुमस म्हणजे दांड्याला लावलेला लाकडी ठोकळा, आणि चोपणं म्हणजे खांदे निखळणं. मी कॉलेजच्या वहीत अंड्याचा गोल काढून आणला, मायने तिवड्याला दोरी बांधून तो पायाच्या अंगठ्याने मातीवर आखला. माती फार ओली असली तर चाकं चिखल धरायची, फार वाळली तर धूळ. दोन्हीच्या मधली एक वेळ असते, ती मायला मातीला टाच लावून कळायची. चैताच्या उन्हात ती वेळ टिकेना, तेव्हा मायने दुपारी सगळ्या गोलावर आजोबांच्या घोंगड्या पाणी मारून अंथरल्या. दादांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या बापाला थंडीत येवढं पांघरूण मिळालं न्हाई." आजकाल माझ्याकडे शिकायला येणारी मुलं मातीचा ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतात. मी त्यांना चप्पल काढायला लावते. त्यांना वाटतं, बाई जुन्या वळणाची आहे.

मायची एकच अट होती. गाडी उजव्या फेऱ्यानेच फिरली पाहिजे. देवळात प्रदक्षिणा घालतो तशी, तिवडा उजव्या हाताला ठेवून. "खळं म्हंजी लक्ष्मी. आपले बैल बी उजवेच फिरायचे. उलटा फेरा मयताला घालत्यात." मी रफिकभाईंनी मोबाइलवर पाठवलेली परदेशातली शर्यत तिला दाखवली. त्यात सगळ्या गाड्या डावीकडेच वळत होत्या. मायने दोनदा पाहिली, मोबाइल लांब धरून पाहिली, आणि विचारलं, "तिकडं रस्त्यावर गाड्या कोन्त्या बाजूनं जात्यात?" मी म्हटलं, उजव्या. "मंग झालं तर. तिकडं समदंच उलटं. आपल्याकडं सुलटं आसंल." मला ते इतकं पटलं की पुढची शंकाच आली नाही. रफिकभाईंना फोन केला तर तेही म्हणाले, "हां, बराबर हाय. तिकडं स्टेरिंगच डाव्या हाताला असतं." तीन शहाण्यांचं एकमत झालं होतं. मग गाडी उजवीकडे चांगली वळावी म्हणून रफिकभाईंनी तिची चाकं त्या अंगाला किंचित ओढून दिली आणि मी तिच्या उजव्या कुशीला तराजूचं एक छोटं वजन चिकटपट्टीने बांधलं. पंधरा दिवसांत ती उजवीकडे अशी वळायला लागली की सरळ रस्त्यावर सोडली तरी गोलच जायची.

दोनच गोष्टी मला खटकत होत्या. एक म्हणजे बॅटरी. सकाळी पूर्ण चार्ज करून मी बसने कॉलेजला जायचे, संध्याकाळी येऊन गाडी लावली की दहा फेऱ्यांत तिचा जीव जायचा. मी रफिकभाईंशी दोनदा भांडले. त्यांनी दोनदा बॅटरी बदलून दिली आणि तिसऱ्यांदा आईची शपथ घेतली. दुसरी गोष्ट फार किरकोळ होती. संध्याकाळी आले की तिवड्यावर मायच्या जुन्या लुगड्याचा एक धडपा टाकलेला असायचा. मला वाटायचं, वाळत घातला असेल.

मग एका सकाळी खळ्याच्या कडेला टिप्पर येऊन खडी आणि वाळू टाकून गेला. दादा कमरेवर हात ठेवून उभे होते. लग्नाचा मांडव, पंगती, ट्रॅक्टरची जागा, सगळ्यांवर एकच उपाय त्यांना सुचला होता. "समदं खळं कोबा करून टाकू. सारवायची कटकट मिटली. आता बायांना बी आराम."

माय आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढे बसून कणीक नसलेली परात मळत होती, म्हणजे नुसत्या पितळेवर हात फिरवत होती. मला पाहिल्यावर तिने त्यात पीठ ओतलं. त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की आरामाच्या नावाखाली आपण हिचं काय काढून घेतो आहोत. मी बाहेर येऊन खडीच्या ढिगाला एक लाथ घातली. गाडीसाठी नाही. खरं सांगते, थोडं गाडीसाठीही.

त्या संध्याकाळी येसरची आमटी होती. येसर असली की दादा दोन भाकरी जास्त खातात आणि दोन गोष्टी जास्त बोलतात. मी म्हटलं, "दादा, रविवारी परतूरला शर्यत हाय. मी जिंकले तर कोबा करू नका." दादांना ठसका लागला. आमटीचा आणि हसण्याचा दोन्ही. "तू आन् जिंकणार? आगं, नुस्ती शेवटची आली न्हाईस तरी कोबा करत न्हाई, जा!"

मायने लगेच त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढली. वाढताना हळूच म्हणाली, "आन्नावर हात ठिवून बोल्लात बरं का." दादांनी खाली पाहिलं. त्यांचा हात खरोखरच भाकरीवर होता. आमच्या घरात अन्नावर हात ठेवून दिलेला शब्द फिरवत नाहीत. आजोबांनी एकदा असाच शब्द देऊन चांगला मेंढा घालवला होता. त्या दिवशी तिसरी भाकरी दादांनी घेतली नाही.

रविवारी पहाटे धपाटे, दही आणि लसणाची चटणी बांधून आम्ही शेजाऱ्याच्या टेम्पोने निघालो. दादा चालवायला होते. "मला परतूरला सरकीचं काम हाय," असं त्यांनी न विचारता तीनदा सांगितलं. परतूरच्या मैदानात मातीचा गोल आखलेला होता, भोवती लोकांना अडवायला दोरी बांधली होती, मध्ये झेंड्याची काठी रोवली होती आणि एका ट्रॉलीवर सातही चालकांनी उभं राहायचं होतं. शर्यत भरवणारे एक सर होते, गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आवाज बसलेला. बाकी सहाजण जालना-परभणीकडचे तरुण. एकाच्या निळ्या गाडीवर ज्वाळा काढल्या होत्या. त्याने माझ्या गाडीच्या कुशीतलं वजन पाहिलं आणि मित्राला कोपरखळी मारली.

गाड्या रेषेवर लावल्या. सहाजणांनी आपल्या गाड्यांची तोंडं एकीकडे केली, मी दुसरीकडे. मला वाटलं, घाबरलेत बिचारे, चुकीच्या लावतायत. शिट्टी झाली. माझी लाल गाडी उजवीकडे सुसाट निघाली, अर्धा गोल पार केला आणि समोरून सहा गाड्या आल्या. पहिली मी चुकवली. दुसरीने मला चुकवलं. पुढच्या चारांची आणि माझी जी भेट झाली तिचा आवाज चहाच्या टपरीपर्यंत गेला, कारण टपरीवरून दादा उठून उभे राहिले.

"ताई, उलटी! उलटी चालवून राह्यल्या तुम्ही!" सर ओरडले.

"मी सुलटीच हाये!" मी म्हटलं.

दोरीच्या पलीकडून माय सरसावली. "आवं सर, फेरा तर तुमचाच उलटा हाय. हितं कोनाचं मयत झालंय का?"

सरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. जगात सगळीकडे हा खेळ डाव्या फेऱ्यानेच चालतो, हे त्यांनी अतिशय सभ्यपणे समजावलं. माय ऐकून घेत होती, पण झेंड्याच्या काठीकडे बघत होती.

ती फेरी पुन्हा झाली, त्यानंतर आणखी एक झाली. दोन्हींत मी सातवी. गाडीला उजवीकडे ओढ, माझ्या बोटांना उजवीकडे सवय. डावीकडे वळवायला गेले की ती कोलांटी मारायची, नाहीतर सरळ दोरीबाहेर लोकांच्या पायात जायची. आता फक्त शेवटची शर्यत उरली होती आणि नंबर तिच्यावरच ठरणार होते. मी ट्रॉलीमागे बसले आणि रडले. सोळा वर्षांची मुलगी चारचौघांत रडते तसं नाही, नाक वाहील असं. खळं गेलं होतं. माझ्यामुळे गेलं होतं. पैज मी लावली होती.

माय शेजारी येऊन बसली. तिने धपाट्याचा तुकडा माझ्या हातात दिला आणि गाडी उचलून मांडीवर घेतली. उजव्या कुशीचं वजन नखाने सोडवलं, डाव्या कुशीला बांधलं. चाकं दोन्ही हातांनी दाबून, कान पिळावेत तशी, दुसऱ्या अंगाला ओढली. हे तिने इतक्या सराईतपणे केलं की मी रडायची थांबले.

"माय, तुला हे कसं येतं?"

"रिमोट दे हिकडं."

"आगं पण..."

"रोज दुपारी चालवते की. तू कालेजला गेल्यावर." मायचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "तू रोज येकाच अंगानं फिरून फिरून वळनावर खड्डा पाडला खळ्याला. मंग मी घोंगड्या काढून तितकेच उलटे फेरे घालायचे. माती बराबर बसायची."

"आन् लक्ष्मी? मयताचा फेरा?"

"म्हनून तर तिवड्यावर धडपा टाकायचे. त्याला दिसू नाई म्हनून."

मला त्या क्षणी पहिले आठवले ते रफिकभाई आणि त्यांची शपथ. सरांना विचारलं, शेवटच्या शर्यतीत चालक बदलता येतो का? सर म्हणाले, घरचा माणूस असेल तर चालेल. मग त्यांनी मायला पाहिलं आणि नियम पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला असावा. पण शब्द गेला होता.

मायने पदर खोचला. ट्रॉलीवर चढण्याआधी ती गोलाच्या मधोमध गेली, कमरेचा हातरुमाल सोडला आणि झेंड्याच्या काठीवर नीट झाकून आली. सर बघत राहिले. त्यांनी शिट्टी तोंडात घेतली होती, ती वाजवायला ते थोडा वेळ विसरले.

मायची गाडी शर्यतीतली सर्वांत हळू गाडी होती, यात शंका नाही. तिने घोडा कधी पूर्ण दाबलाच नाही. आतल्या कडेने, हात-दीड हात अंतर ठेवून, एकाच चालीने ती फिरवत होती. तोंडाने पुटपुटत होती, "हां, हां, सावकाश, चल माझ्या राजा." पहिल्या तीन गाड्या कुठल्या कुठे निघून गेल्या. मधल्या दोन एकमेकांना धडकत, सुटत, पुढे गेल्या. उरला तो ज्वाळांवाला निळा. तो मायच्या मागून येऊन पुढे जायचा आणि वळणावर पलटी खायचा. सरळ करून सोडली की पुन्हा पुढे, पुन्हा पलटी. माय त्याच चालीने त्याला ओलांडून जायची. शेवटच्या फेऱ्याला ती पुढे होती आणि निळा सुसाट मागून येत होता. तेवढ्यात दोरीपाशी कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडायला लागलं, "डावीकडं! आगं डावीकडं घे! त्याला आत घुसू देऊ नगंस!"

मी वळून पाहिलं. दादा होते. हातात चहाचा कप होता, अर्धा चहा शर्टावर होता. खडी त्यांची, वाळू त्यांची, कोबा त्यांचा, आणि ओरडत होते कोबा होऊ नये म्हणून.

मायने डावीकडे घेतलं. निळ्याला आत जागा मिळाली नाही. एका वितीने माय पुढे. सातांत सहावी! सरांनी पहिल्या तिघांना कप दिले, पण टाळ्या सहाव्या नंबरला जास्त पडल्या. मायला त्याचं काही नव्हतं. ती आधी जाऊन काठीवरचा रुमाल काढून आली. आम्ही टेम्पोने परत निघालो. अंबड मागे पडल्यावर दादा म्हणाले, "सरकीचं काम ऱ्हाऊनच गेलं." एवढंच.

कोबा झाला नाही. लग्नाचा मांडव सारवलेल्या खळ्यावरच पडला. पाहुण्यांनी जमिनीचं कौतुक केलं आणि ते कौतुक दादांनी स्वतःच्या नावावर घेतलं. खडी तशीच कडेला पडून राहिली. तिच्यावर बसून खळं सगळं दिसायचं, म्हणून हळूहळू तिला बसायच्या जागेचा आकार आला. माझ्या खोलीतले कप नंतरचे. त्यांतला एकही मला सहाव्या नंबराइतका जवळचा वाटत नाही. रफिकभाईंची मी माफी मागितली. ते म्हणाले, "माफी राहू दे, दोन बॅटऱ्या परत दे."

लग्नाच्या गडबडीनंतर माय आठ दिवस माहेरी गेली. भाऊ आणि वहिनी देवदर्शनाला गेलेले. घरात मी आणि दादा. सकाळी भाकरी मी करायचे, त्या दादा काहीही न बोलता खायचे, आणि हे त्यांनी माझ्यावर केलेलं सर्वांत मोठं प्रेम होतं. कॉलेजची परीक्षा चालू होती. तिसऱ्या दिवशी शेवटच्या पेपरला निघताना मी बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवली. संध्याकाळी येऊन गाडी खळ्यात लावली, घोडा दाबला. दहा फेऱ्यांत तिचा जीव गेला.

मी रिमोट खाली ठेवला आणि तिवड्याकडे पाहिलं. त्याच्यावर दादांची पांढरी टोपी होती.